मधला माणूस

वैजयंती केळशीकर ही बाई फक्त आपल्यासाठी नटी झाली, असं निशाला सव्वीस वर्षं वाटत आलं होतं. नववीत असताना भिवंडीत तिनं बाईंचा पहिला प्रयोग पाहिला आणि तिथून जे वेड लागलं ते लग्न, दोन पोरं, सासऱ्यांची आजारपणं, सासरच्या पूर्णा गावी भातशेतावर उभी राहिलेली गोदामं, यांतल्या कशानंही उतरलं नाही. "माझा वाढदिवस विसरशील, पण तिचा नाही," असं तिचा नवरा प्रितेश म्हणायचा. आणि ते खोटं नव्हतं.

तिच्याकडे एक जाडजूड वही होती. तीत बाईंच्या बातम्यांची कात्रणं, फोटो आणि पाहिलेल्या एकूण एक नाटकाचं तिकीट, असं सगळं डिंकानं चिकटवलेलं. ती वही या रविवारी ठाण्याच्या प्रयोगानंतर बाईंच्या हातात द्यायची, हे तिनं ठरवलं होतं. तिला सोनंनाणं नको होतं. बाईंनी एकदा वही उघडून बघावी आणि पुढच्या वेळी "अगं निशा, ये" असं नावानं बोलवावं, बास.

पण असा मान मिळताना बघायला कुणीतरी जवळ हवं. प्रितेशला नाटकात झोप येते. म्हणून तिनं रूपाला घेतलं. रूपा शेलार गावची, शाळेत निशाबरोबर एका बाकावर बसून शिकलेली, आता एका गोदामात पॅकिंगला जाणारी. जन्मात नाटक न पाहिलेली. कौतुक करायला याहून चांगलं माणूस कुठं मिळणार?

रूपा ठेवणीतली हिरवी साडी नेसून गाडीत बसली. मानकोलीला कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा निशानं तिला धडेच द्यायला घेतले.

"तिसरी घंटा झाली की बोलायचं नाही. फोन बंद. आणि नंतर आत भेटायला जाऊ, तेव्हा मी बोलेन. तू नुसता नमस्कार कर."

"मी काय बोलनार गो? मना काय कलतं त्यातलं?" रूपा म्हणाली आणि वही मांडीवर घेऊन एक एक पान बघायला लागली. शेवटच्या पानापर्यंत बघितली. "किती वर्सं जपलंस गो तू. बाई बघून रडंल."

निशाला बरं वाटलं. रूपाला आणलं ते चांगलं केलं, असंही वाटलं.

त्या नव्या नाटकात बाईंचं काम धवलारणीचं होतं. आगरी लग्नात सगळे विधी गाण्यांमधून लावून देते ती धवलारीण, आणि ती गाते तो धवला. निशाला हे अर्थातच ठाऊक होतं. रूपाची आई धोंडूबाई शेलारची धवलारीण होती, निशाच्या स्वतःच्या हळदीला तीच येऊन बसली होती, हेही ठाऊक होतं. पण तिकिटं काढताना हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिच्या डोक्यात वही होती.

बाईंनी धवला सुरू केला आणि शेजारी रूपा ताठ झाली. हुंकार नाही, रडणं नाही, नुसती पुढं सरकून बसली. निशा बाईंचे डायलॉग ओठांत म्हणत होती. मध्यंतरात बटाटेवडा खातानाही रूपा गप्पच होती.

"आवडलं नाही का?" निशानं विचारलं.

"आवडलं तर. आईच आठवली."

प्रयोग संपल्यावर मेकअप रूमच्या दाराशी ही रांग. अर्ध्या तासानं दोघी आत गेल्या. बाई खुर्चीत बसून चेहऱ्याचा रंग पुसत होत्या. निशानं पाठ केलेलं सगळं भाषण एका दमात म्हणून टाकलं आणि वही पुढे केली.

"बापरे, केवढं केलंत! थँक्यू हं," बाई म्हणाल्या. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिली. न उघडताच. मग रूपाकडे बघून सहज विचारलं, "तुम्हाला आवडलं का नाटक?"

रूपानं निशाकडे बघितलं. बोलू का, असं. निशा हसली, म्हणजे तोंडानं हसली.

"आवडलं," रूपा म्हणाली. "पन बाय, एक सांगू? धवला म्हनताना तुमी लोकांकडं बघता. माजी आई धवलारीन होती. ती कुनाकडं बघत नसं. म्होरच्या सुपातल्या तांदलाकडं बघून म्हनायची. देवाचं आसतं ना ते, लोकांचं न्हाय."

बाईंचा हात थांबला. त्यांनी कापूस खाली ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "बसा ना. नाव काय तुमचं?"

खोलीत रिकामी खुर्ची एकच होती. बाईंनी तीवरची वही उचलून आरशाखाली, डब्यांच्या गर्दीत सरकवली आणि रूपाला बसवलं. निशा भिंतीला टेकून उभी राहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो कसा असतो हे तिला आज डोळ्यांनी दिसत होतं. सव्वीस वर्षं बीळ कुणी खणलं, आणि वेटोळं घालून बसलंय कोण! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूपा तिची जिवाभावाची मैत्रीण होती, आणि त्या घडीला तिला रूपा डोळ्यांसमोर नको होती.

"म्हणून दाखवता दोन ओळी?" बाई विचारत होत्या.

"हितं न्हाय म्हनत. नवरी न्हाय, मांडव न्हाय."

"मग मी तुमच्या घरी आले तर? अंगणात चार काठ्या उभ्या करा हवं तर, पण मला ऐकायचंय."

रूपानं भिंतीशी उभ्या निशाकडे बघितलं, मग आरशाखालच्या वहीकडे.

"या की. पन आमच्यात धवलारनीला थेट बोलवत न्हाईत. मधला मानूस लागतो. पयलं त्याच्या घरी जायाचं, बसायचं, च्यापानी घ्यायचं, नारल-सुपारी त्याच्या हातात द्यायची. मग तो आनून सोडतो आमच्याकडं."

"मधला माणूस कोण मग?"

"ही. निशा."

असं निशाच्या फोनमध्ये वैजयंती केळशीकरांचा नंबर आला. "पुढच्या रविवारी प्रयोग नाही. मी फोन करते तुम्हाला," बाई म्हणाल्या. एरवी निशानं गावभर पेढे वाटले असते. पण परतीच्या वाटेवर तिला एकच गोष्ट खुपत राहिली. नंबर मिळाला तोही रूपाच्या घरी जायला! रूपा मात्र, "किती साधी हाय गो बाई," एवढंच तीन-चारदा म्हणाली आणि प्रत्येक वेळी निशानं उगाच हॉर्न वाजवला.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता फोन आला. निशाचे हात पिठात होते. तसेच पुसले तिनं.

"निशाताई ना? मी केळशीकर. रविवारी सकाळी येऊ का? रूपाताईंना जमेल?"

"हो, म्हणजे... विचारते."

"आणि ऐका ना, कालच्या प्रयोगात मी रूपाताईंनी सांगितलं तसं केलं. खाली बघून म्हटलं. थिएटर असं गप्प झालं म्हणून सांगू! रूपाताईंना सांगा हं. त्यांना साडी कुठल्या रंगाची आणू?"

निशा वाट बघत होती. वहीबद्दल एक शब्द. एकच. 'तुमची वही बघितली' एवढं जरी बाई म्हणाल्या असत्या, तरी तिनं स्वतः गाडी घेऊन त्यांना शेलारला नेलं असतं, रूपाच्या ओट्यावर नेऊन बसवलं असतं. पण बाई साडीच्या रंगावर थांबल्या होत्या.

"ताई, ते राहिलंच सांगायचं," निशाचं तोंड आपोआप बोललं. "रूपा नको म्हणतेय. तिच्या घरच्यांना आवडत नाही असलं."

"अरेरे. त्या दिवशी तर..."

"तोंडावर नाही म्हणता आलं नसेल. तुम्ही आमच्याकडे या ना पण. जेवायलाच या. मी ताजं पापलेट..."

"बघू हं. पुन्हा कधीतरी. त्यांना माझा नमस्कार सांगा."

फोन बंद झाला. निशानं पीठ परत मळायला घेतलं. ते घट्ट झालं की सैल राहिलं, काही कळेना. थोडं बरं वाटलं, हेही खरंच सांगायला हवं. अगदी पोळ्या होईपर्यंत वाटलं.

मग शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी जाणं भागच होतं. ती शेलारला पोचली तेव्हा रूपाचा ओटा धुतलेला होता. शेजारच्या हौसाकडून दोन खुर्च्या आणलेल्या. भिंतीला टेकून धोंडूबाईचं जुनं सूप, पुसून स्वच्छ केलेलं, आणि त्यात निवडलेले तांदूळ. दारापुढं चार बांबू उभे करून वर आंब्याचे टहाळे बांधलेले. रूपानं रविवारची ड्युटी दुसऱ्या बाईला दिली होती.

"बाईंचं जमत नाही म्हणे," निशा उंबऱ्यातूनच म्हणाली. "मोठ्या माणसांचं असंच असतं गो. शब्द देतात आणि विसरतात."

रूपा सुपाकडे बघत राहिली. "फोन आल्ता का?"

"आला होता. गुरुवारी."

"मंग राव दे. मांडव काय, उतरवीन उद्या." तिनं निशाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "माजं जाऊ दे गो. मना तुजंच वाईट वाटतंय."

"माझं काय त्यात?"

"आता सांगायला हरकत न्हाय." रूपा हसली, पण ओशाळून. "मधला मानूस बिनुस काय नसतो गो. माज्या आईला कुनीबी यायचं, उंबऱ्यात हुभं राहून हाक मारायचं, का आई निघाली पदर खोचून. मीच बनवलं ते. तुजी वही तिनं तशी बाजूला सारली, तू भितीला लागून हुभी, मना बघवंना. म्हनलं, बाई पयली तुज्या घरी जाऊ दे. तुज्या सोफ्यावर बसूदे, च्या पिऊ दे, वही उघडू दे. मंग माज्याकडं आली काय न् न्हाय आली काय."

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथं कर्मावर ढकलायलाही जागा नव्हती.

"फोन लाव ना," रूपा म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. म्हनते, माज्याकडं नको येऊ, निशाकडं तरी जाऊन ये."

निशानं फोन काढला. नाव समोर होतं. बोट लावलं की झालं. बाई उचलतील, रूपा बोलेल, आणि गुरुवारचं सगळं दोन वाक्यांत बाहेर येईल. तिनं फोन कानाला लावला. नंबर न लावताच.

"उचलत नाहीत," ती म्हणाली.

"कामात आसंल." रूपा आत गेली आणि नारळ, सुपारी आणि एक ब्लाऊजपीस घेऊन आली. "तुज्यासाठी आनून ठेवलंता. बाईसमोर तुजा मान करनार व्हते, मधल्या मानसाचा. आता आनलाच हाय तर घे. वटी पसर."

निशानं ओढणी पसरली.