ऑक्टेव्हियाचा पहारा

बळवंतने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, मांडीवरचं पुस्तक उघडलं आणि कल्याणला फोन लावला. लेकीकडे, परदेशात बाडहूव्हडॉर्पमध्ये, दुपारचे चार वाजले होते, तिकडे साडेसात.

"आज काय झालं तुमच्या जहाजाचं?" त्याच्या बायकोने, ललिताने, विचारलं. तिचा आवाज बसलेला होता. थंड पाणी प्यायले, असं ती परवा म्हणाली होती.

नातीला बघायला दोघांनी मिळून यायचं, असं ठरलं होतं. ललिताची कागदपत्रं अडकली, म्हणून तो पुढे आला. ती पंधरा दिवसांनी येणार होती. तेवढ्यात साथीमुळे विमानं बंद झाली. पहिले दोन महिने फोनवर 'जेवलीस का' विचारून झालं की पुढे काही सुचत नसे. मग कोपऱ्यावरच्या घरासमोर, शेजारीपाजारी वाचून झालेली पुस्तकं ठेवत त्या लाकडी पेटीत, त्याला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या एका आगबोटीची रोजनिशी. ऑक्टेव्हिया तिचं नाव. शत्रूच्या बंदरासमोर उभं राहायचं, आतलं जहाज बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. तीन वर्षं. कधी कुणाच्या मागे धावावं लागेल याचा नेम नाही, म्हणून बॉयलर विझू द्यायचा नाही.

एकतीस वर्षं गोदीत बॉयलरवर काढलेल्या बळवंतला हे सगळं डोळ्यांपुढे दिसे. तो सांगत जाई, ललिता विचारत जाई. कप्तानाशी तिला देणंघेणं नव्हतं. भट्टीवरची माणसं काय खातात, त्यांचे कपडे कोण धुतं, घरी पत्रं जातात का, हे तिला हवं असे. लग्नाच्या चौतीस वर्षांत तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता.

आजचं पान त्याने सकाळीच वाचून ठेवलं होतं. वाईट होतं, पण पदरचं काही घालायची त्याला सवय नव्हती.

"आज जहाजावर ताप आला," तो म्हणाला. "पिवळा ताप. चौदा जण आडवे झाले. त्यांना डेकवर ताडपत्रीखाली वेगळं ठेवलं."

पलीकडे फरशीवरून ट्रॉली ओढल्याचा आवाज आला, आणि अगदी जवळून एक अनोळखी बाई म्हणाली, "मावशी, काकांना विचारा ना, ती माणसं बरी झाली का?"

त्यामागून कुणीतरी, तोंडावर मास्क असल्यासारखं, म्हणालं, "अकरा नंबर, हात पुढे करा. ऑक्सिजन बघायचाय."

"टीव्ही लागलाय," ललिता घाईने म्हणाली.

घरचा टीव्ही महिन्यापासून बंद होता. तिनेच सांगितलं होतं. चार दिवस ती व्हिडिओही लावत नव्हती. नेट नाही म्हणे. बळवंतने पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. फोन मांडीवरून घसरला, तो त्याने उचलला.

"फोनचा आवाज मोठा कर," तो म्हणाला. "टीव्ही बघणाऱ्यांनाही ऐकू जाईल."

मग फोनमधून एका मोठ्या खोलीचा घुमारा येऊ लागला. खोकल्याचाही.

"तर बुधवारी पुरवठ्याची होडी आली," बळवंतने आवाज चढवला. "लिंबं आली, संत्री आली, बर्फ आला. आणि चौदाच्या चौदा जण एकेक करून उठून बसले."

त्याची लेक शर्वरी चहा घेऊन आली होती. चार दिवस ती फोन आला की स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेत होती. ऑफिसचं काम असेल, असं तो समजत होता. तिची नजर उघड्या पानावर गेली. तिथे नऊ नावं एकाखाली एक छापलेली होती, प्रत्येकापुढे मृत्यूची तारीख. बळवंतचं बोट चौथ्या नावावर होतं. तिने पान पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. कप खिडकीत ठेवून ती त्याला खेटून बसली.

"सगळे?" ललिताने विचारलं.

"सगळे. भट्टीवाला तर दुसऱ्याच दिवशी कोळसा ओढायला लागला."

"लगेच कशाला जुंपलं त्याला?" ती करवादली, थोडी खोकली. "दोन दिवस पडू द्यायचं."

"खरंय," बळवंत म्हणाला. "पडू दिलं त्याला." आणि त्याने पान उलटलं.