घारीची जबानी

रविवारी दुपारी घारी नवऱ्याला घेऊन माहेरी जेवायला जायची. माहेर म्हणजे कारखान्याच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. तिथे आई आणि दादा राहायचे. डोळे घारे म्हणून शाळेत पडलेलं हे नाव बाटल्यांच्या कारखान्यातही तिला चिकटलं, आणि शोभलंही. ती तपासणीला होती. उजेड सोडलेल्या काचेपुढून दिवसभर बाटल्या सरकत जायच्या. एखाद्या बाटलीच्या मानेला केसाएवढी चीर असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही.

दादा त्याच कारखान्यात फिटर, आणि युनियनचा सेक्रेटरी. लग्न केलं नव्हतं. आई म्हणायची, याचं लग्न युनियनशी लागलंय आणि सून घरकामाला हात लावत नाही. घारीचा नवरा आधी कागदाच्या गिरणीत होता. अकरा महिन्यांच्या संपात गिरणीला टाळं लागलं, तेव्हापासून तो टेंपो चालवायचा आणि जगात जे काही बिघडेल त्याचं खापर युनियनवर फोडायचा.

त्या रविवारी विषय निघाला पाखरांचा. कंत्राटदाराने कुठून कुठून लांबून आणलेल्या माणसांना कारखान्यात पाखरं म्हणायचे. काम संपलं की उडून जाणार, म्हणून पाखरं. ती कुंपणालगत पत्र्याच्या शेडमध्ये राहायची आणि टाकाऊ बाटल्यांचा चुरा करणाऱ्या चक्कीवर राबायची. चक्कीवर जायला दुसरं कुणी तयार नसायचं.

"दादा, त्यांना मेंबर का करत नाही तुम्ही?" नवऱ्याने मुद्दाम काडी टाकली. "गेटवर तर एकजुटीच्या घोषणा देऊन घसा बसतो तुमचा."

"दाजी, मेंबर व्हायला माणूस टिकावा लागतो. हे आज आहेत, उद्या नाहीत. बारा-बारा तास मान खाली घालून राबतात. मालक म्हणतो, बघा, यांचं काही म्हणणं नाही, तुमचंच काय ते रडगाणं. आमच्या पोटावर पाय देतात ते."

"म्हणजे राग मालकावर आणि काढायचा त्यांच्यावर. मालकापुढे बोलायची सोय नाही ना."

"तुमच्या गिरणीवाल्यांनी शिकवू नये आम्हाला."

"मला तर बाई धडकीच भरते त्यांची," आई म्हणाली. "त्यांच्या बायका नळावर येतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. नुसत्या बघत राहतात."

"बोलल्या तर तुला कळणार आहे का?" घारी म्हणाली. "आमच्या चक्कीवर एक आहे, त्याला सगळे मुकाच म्हणतात. दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही ऐकला. पण कामाला वाघ."

सगळे हसले, घारीही हसली. मग आईने दम भरला की कारखाना ताटात आणायचा नाही, आणि जेवण पार पडलं.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला ते घडलं.

चक्की घारीच्या टेबलापासून बारा पावलांवर होती. तिच्या तोंडात काच अडकली की झाकण उघडून लोखंडी आकड्याने ती मोकळी करावी लागे. झाकण उघडलं की चक्की आपोआप बंद पडावी म्हणून एक कळ बसवलेली होती. पण ती कळ फार नाजूक. जरा हादरा बसला तरी चक्की थांबायची आणि मागे सगळी लाइन तुंबायची. सुपरवायझर वैतागला. त्याने दादाला बोलावून घेतलं, आणि दादाने ती कळ वायरने बांधून टाकली. दोघं बोलत होते तेव्हा घारी तिथेच उभी होती. त्याला सात महिने झाले होते. येता-जाता सगळ्यांना ती वायर दिसायची आणि सगळे कानाडोळा करायचे. चक्कीवर आपलं कुणी नव्हतंच.

तर त्या दुपारी घारीच्या पाठीमागून कुणीतरी ओरडलं. एकच शब्द, लागोपाठ दोनदा. तिला तो कळला नाही. तिला वाटलं, पाखरांचं आपसात काहीतरी बिनसलंय. तिने मान वळवली नाही. चार बाटल्या पुढे सरकल्या. पाचवीच्या बुडाशी बुडबुडा होता, ती तिने उचलून बाजूला टाकली. मग जो आवाज आला त्यात शब्द नव्हता.

चक्की थांबवायचं लाल बटण तिच्याच शेजारच्या खांबावर होतं. तिने ते दाबलं. तोवर मुक्याचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला: कंत्राटी कामगार नशेत होता, प्राथमिक चौकशीत तसं आढळलं आहे, सविस्तर चौकशी सोमवारी. त्याच संध्याकाळी दादा घारीच्या घरी आला. चपला न काढता दारातच उभा राहिला.

"सोमवारी तुला बोलावतील. वायरचं काही बोलू नकोस."

"तो प्यायलेला नव्हता, दादा."

"मी कुठे म्हणतो होता? तू एवढंच सांग की तुझी पाठ होती, तुला काही दिसलं नाही. ते खरंच आहे ना?"

"आणि त्या माणसाचं काय?"

दादाने डोळे चोळले. रात्रभर झोपला नसावा. "त्याचं वाईट वाटतं मला. दगड नाही मी. पण वायर बाहेर आली की सुपरवायझर हात झटकणार आणि मी सापडणार. मी सापडलो की युनियन गेली. तीनशे घरं आहेत मागे. एका माणसासाठी तीनशे घरं?"

"तो आपल्यातला असता तर असं म्हणाला असतास?"

दादा वळून चालू लागला. नवरा आतून सगळं ऐकत होता. दादा गेल्यावर तो बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर असा उत्साह होता की घारीला किळस आली.

"सांगून टाक सगळं," तो म्हणाला. "माणूस मेला तरी चालेल, पण मेंबर वाचला पाहिजे! हीच यांची जात. कळू दे एकदा लोकांना."

"तुम्ही त्या माणसाला बघायला याल का माझ्याबरोबर?" तिने विचारलं.

"मी? मी येऊन काय करू?"

शनिवारी ती एकटीच दवाखान्यात गेली. मुका खिडकीकडे तोंड करून पडला होता. उशाशी त्याची बायको बसली होती. ती पॅकिंगमध्ये झाडू मारायची, तिला मोडकंतोडकं बोलता यायचं. घारीने नेलेली केळी स्टुलावर ठेवली. मग तिने तो शब्द जसा आठवत होता तसा उच्चारला आणि त्याचा अर्थ विचारला.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तो तोंड न वळवता हळू आवाजात पुष्कळ काही बोलला. मुका म्हणायचे त्याला, पण त्याचा आवाज भरदार होता.

"बंद कर," बायको म्हणाली. "बंद कर, असं तो बोलला. बाही अडकली, हात नव्हता गेला तेव्हा. काच बघणारी बाई जवळ, बटण तिच्याजवळ. तिला बोलला." मग तिने विचारलं, "तू ती बाई?"

"हो," घारी म्हणाली.

बायकोने मान हलवली आणि चादर सारखी करायला लागली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर घारीला तिथे उभं राहणं सोपं गेलं असतं.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. हेड ऑफिसातून आलेला एक गोड बोलणारा साहेब प्रश्न विचारत होता आणि कोपऱ्यात टायपिस्ट बडवत होता. घारीने सगळं सांगितलं. वायर सांगितली, ती कुणी बांधली ते सांगितलं, कुणाच्या हुकमावरून तेही सांगितलं. आपण आवाज ऐकला आणि वळलो नाही, हेही सांगितलं. तेव्हा साहेबाने हात वर करून टायपिस्टला थांबवलं.

"तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, बाई. ते लिहायची गरज नाही."

दीड पानाचा कागद तिच्यापुढे आला. तिने वाचला. 'फिटरने स्वतःच्या मर्जीने कळ निकामी केली,' असं त्यात होतं. सुपरवायझरचा कुठे पत्ता नव्हता.

"हे अर्धंच आहे, साहेब."

"बाकीचं पुरवणीत येईल. हा नुसता गोषवारा. सही करा म्हणजे तुम्ही मोकळ्या."

तिने सही केली.

शुक्रवारी फळ्यावर तीन कागद लागले. पहिल्यात दादाला कामावरून काढल्याचं होतं. दुसऱ्यात असं की ज्या युनियनचा सेक्रेटरी माणसांच्या जिवाशी खेळतो तिच्याशी यापुढे कंपनी बोलणी करणार नाही. तिसऱ्यात चक्कीचं कंत्राट रद्द, शेड रविवारपर्यंत रिकामी करावी. रविवारी सकाळी दोन ट्रक आले आणि पाखरं गेली. मुक्याच्या बायकोने दवाखान्यातून त्याला उठवून नेलं, असं नंतर कळलं. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. महिन्याभरात नवा कंत्राटदार नवी माणसं घेऊन आला आणि नव्या युनियनचा फलक लागला. तिच्या उद्घाटनाला मॅनेजरने फीत कापली.

घारीच्या टेबलावर कुणीतरी खडूने 'घरभेदी' लिहिलं. तिने फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवसांनी तिने पुसणं सोडून दिलं.

तिच्या जबानीची नक्कल दादाला नोटिशीबरोबर मिळाली होती. ती घेऊन तो आला, या खेपेला आत आला, बसला.

"सुपरवायझर कुठेय यात?"

"मी सांगितलं होतं, दादा. पुरवणीत येईल म्हणाले."

"पुरवणी नाही. बाटलीतली केसाएवढी चीर दिसते तुला. आणि दीड पान वाचता आलं नाही?"

"वाचलं मी. दिसलंही. तरी सही केली." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मला तिथून सुटायचं होतं. खरं बोलले, आपलं काम झालं, असं वाटलं."

नवरा दारात उभा होता. "बरंच झालं म्हणायचं एका अर्थी," तो म्हणाला. घारी ताडकन उठली.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या गिरणीचा सूड माझ्या कागदावर नका उगवू."

दादाने नक्कल घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "कामगार खात्याच्या ऑफिसात चल. तू खरं काय ते परत लिहून दे, मीही देतो. वायर मी बांधली, कुणाच्या सांगण्यावरून तेही. माझी नोकरी काही परत येत नाही. निदान त्याच्यावरचा नशेबाजीचा ठपका तरी पुसला जाईल."

दोघांनी लिहून दिलं. चार महिन्यांनी सुनावणी लागली. ऑफिसातला अधिकारी भला माणूस होता. त्याने दोघांचं ऐकून घेतलं, फाइल चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, तुमच्या दोन जबान्या आहेत. दोन्हींवर तुमची सही. कंपनीचा वकील म्हणतो, भावाला वाचवायला दुसरी दिली. आता ज्याचा हात गेला तो माणूस समोर आला असता तर गोष्ट वेगळी. त्याला समन्स पाठवलं होतं." त्याने एक पाकीट पुढे सरकवलं. त्यावर शेडचा पत्ता होता आणि शिक्का होता: या पत्त्यावर कुणी राहत नाही. "दुसरा पत्ता आहे का तुमच्याकडे? युनियनच्या रजिस्टरात काही?"

"नाही," दादा म्हणाला. "त्यांना आम्ही रजिस्टरात घेतलं नव्हतं."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, जखमी कामगार गैरहजर म्हणून प्रकरण निकाली काढलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. या वेळी घारीने कागद दोनदा वाचला. त्यात काहीही चुकीचं नव्हतं.

बाहेर ऊन तापलं होतं. दोघं बसथांब्यावर येऊन उभी राहिली.

"आईला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"तूच सांग, झालं नाही म्हणून. मला आत्ता घरी तोंड दाखवायला नको."

बस आली. बसायला जागाही होती. दादाने तिला पुढे चढू दिलं आणि स्वतः खालीच थांबला. कंडक्टरने त्याच्याकडे बघून दोनदा हाक मारली. दादाने हातानेच जा म्हणून खूण केली.