वर्षाच्या आत

श्यामला, माझी बायको, चैत्रात गेली. घरात कोणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. तिचा धाकटा भाऊ उमाकांत तेराव्यालाच म्हणाला, "दाजी, तुमची विद्याश्री माझ्या श्रीरंगला द्या. माघात उरकून टाकू."

मामाच्या घरी मुलगी देणं इथे कन्नड मुलखात, आमच्या बसवनगुडीतल्या मराठी घरांत नवं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मला बरं वाटलं, त्याचं कारण वेगळं होतं.

श्यामलेला हंटिंग्टन झाला होता. आधी हातपाय आपोआप हलायचे, मग चालणं बिघडलं, मग बोलणं, शेवटी गिळणं. बसस्टॉपवर लोक म्हणायचे, बाई प्यायलेली दिसते. रोगाचं नाव कळायलाच फार वर्षं गेली. डॉक्टर म्हणाले, हा आईबापाकडून येतो. तिला तो तिच्या वडिलांकडून आला होता. आमच्या विद्याला येईल किंवा येणार नाही, नाणं उडवल्यासारखं. उमाकांतचंही तसंच, पण पंचेचाळिशी ओलांडून तो धडधाकट होता. तो सुटला असेल तर श्रीरंगला काही भीती नव्हती. आणि श्रीरंगने आत्याला कितीदा उचलून रिक्षात बसवलं होतं. सगळं डोळ्यांनी बघून तो विद्याला हो म्हणाला होता. बाहेरचा कोण म्हणाला असता?

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात काही डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी मिळून लालबागेत शर्यत ठेवली. अशा दुर्मीळ रोगांवर इथे संशोधन व्हावं म्हणून पैसे जमवायचे होते. प्रत्येक घराने एकत्र धावायचं आणि पाठीवर आपल्या माणसाचं नाव लिहायचं. विद्याने चारही बनियनांवर कन्नडमध्ये 'श्यामला' लिहिलं. मराठीत लिहिलं तर इथे वाचणार कोण, म्हणाली.

उमाकांत टाळत होता. गुडघा दुखतो, दुकान उघडायचंय, असं काहीबाही सांगत होता. श्रीरंगने ऐकलं नाही. "आत्यासाठी एक दिवस गल्ला सोडा की, अण्णा," म्हणाला. तो वडिलांना अण्णाच म्हणतो.

गेटपाशी उमाकांत मला म्हणाला, "दाजी, तुमच्याच्याने होणार नाही. तुम्ही आपले रिक्षाने या."

"तू पुढे हो," मी म्हणालो. "मी तुझ्या मागेच आहे."

विद्या आणि श्रीरंग लगेच दिसेनासे झाले. आम्ही दोघं शेवटच्या लोकांत होतो. तळ्याच्या कडेने जाताना मी उमाकांतच्या मागे होतो. गेल्या वर्षा-दीड वर्षात मी त्याला नेहमी बसलेलाच बघितला होता, एकतर दुकानात गादीवर, नाहीतर श्रीरंगच्या स्कूटरवर मागे. एरवी घोट्यापर्यंत पंचा नेसायचा. त्या दिवशी त्याने अर्धी चड्डी घातली होती. उजवं पाऊल टेकायच्या आत किंचित थांबायचं आणि बाहेर फेकलं जायचं. डाव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलत होती.

मी धावायचा थांबलो. तो मागे वळून बघेना, म्हणून हाक मारली. कडेच्या बाकावर आम्ही बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून? स्वल्प दम लागलाय, एवढंच."

"उमाकांत, मी तुझ्या बहिणीला चालताना बघितलंय."

त्याने डावा हात मांडीखाली दाबला. "अक्का होती तेव्हापासून," म्हणाला.

"डॉक्टर?"

"कशाला? ते औषध देणार आहेत?"

"म्हणून घाई केलीस."

"वर्षाच्या आत करायची रीतच आहे."

मी त्याच्या दाबलेल्या हाताकडे बघितलं. तेव्हा तोच म्हणाला, "हो, म्हणूनच. दिसायच्या आत. नंतर माझ्या पोराला मुलगी कोण देईल? आणि तुमच्या मुलीला तरी कोण करून घेईल, सांगा. बाहेरच्या कुणाला फसवत नाही मी. घरातलं घरात राहतं."

"त्यांना मुलं झाली तर?"

"देव बघेल." त्याने माझा हात धरला. "माघापर्यंत गप्प राहा, दाजी. पाया पडतो."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी बसून हिशेब मांडत होतो. श्यामलेला मी भरवायचो. एक वाटी पेज घशाखाली उतरवायला सकाळ जायची. विद्यावर ती वेळ आली आणि मी नसलो, तर तिथे श्रीरंग असेल, या आशेवर मी झोपत होतो. आता श्रीरंगचंही नाणं वर उडालं होतं. दोघांवर आलं तर त्यांची मुलं त्यांना भरवतील, आपल्याही हातांकडे बघत.

"कोण करून घेईल विचारलंस ना," मी म्हणालो. "कोणी नाही. तरी मी गप्प राहणार नाही."

आणि उठलो.

शेवटच्या खुणेपाशी झाडाखाली दोघं शहाळी पीत होती. विद्या श्रीरंगला चिडवत होती. "शेवटी चाललास तू. पळाला नाहीस."

"तुझ्यासाठी थांबलो."

"हो तर."

मी तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. जपून सांगायचं मला जमत नाही. तिने ऐकून घेतलं, मग मागून येणाऱ्या मामाकडे बघितलं. तो गवतावरून येत होता. ती त्याची पावलंच बघत होती.

तो जवळ आल्यावर तिने विचारलं, "मामा, श्रीरंगला माहीत आहे?"

उमाकांतने मान हलवली. नाही.

"मग सांगा त्याला."

तो खाली बसला. श्रीरंग शहाळं घेऊन आमच्याकडे आला. "काय झालं, अण्णा? पाय मुरगळला?" उमाकांत वर बघेना. विद्या वाट बघत उभी राहिली. शेवटी मीच सांगितलं.

श्रीरंगने वडिलांच्या हाताकडे बघितलं. तो विद्याकडे बघत राहिला, तीही त्याच्याकडे. मग त्याच्या हातातलं शहाळं तिने काढून घेतलं आणि म्हणाली, "माघात नाही आता. कधीच नाही."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला.