मागच्या बाकावरचे शेरे

राजीनामा लिहून मी पर्समध्ये ठेवला, तेव्हा शाळेत लागून मला धड दोन महिनेही झाले नव्हते. चाळीस मुलं, तीन विषय, म्हणजे एकशेवीस वह्या, तपासता तपासता मेटाकुटीला आले होते, आणि घरी आईने "जेवलीस का गं?" एवढं विचारलं तरी तिच्यावर खेकसायचे. माझ्यासोबतच लागलेले शेजारच्या वर्गातले सर दिवसभर मुलांवर ओरडायचे. भिंतीपलीकडून ते ऐकू यायचं, तेवढाच काय तो दिलासा!

राजीनामा शुक्रवारी द्यायचा ठरवला. सोमवारी माझ्या खणात पाठनिरीक्षणाचा कागद सापडला. नव्या शिक्षकाच्या तासाला मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून शेरे लिहितात हे ठाऊक होतं. त्या कधी येऊन गेल्या ते मात्र कळलं नव्हतं. हिरव्या शाईत लिहिलं होतं, "रोज दहाच वह्या तपासा. बाकीच्या मुलांना एकमेकांच्या तपासू द्या." मंगळवारी, "गोंगाट झाला की गप्प उभ्या राहा. घसा सांभाळा." बुधवारी फक्त, "डबा खा."

म्हटलं, करून बघू, नाहीतरी जायचंच आहे. आणि काय सांगू, गुरुवारी एकही वही न घेता घरी गेले, आईशी तासभर गप्पा मारल्या आणि चक्क पोट दुखेस्तोवर हसले.

शुक्रवारी मोठ्या बाईंचे आभार मानायला गेले.

"अगं, निरीक्षणं पुढच्या महिन्यापासून," त्या म्हणाल्या. "मी कुठे आले तुझ्या वर्गात?"

वर्गात येऊन पहिल्या बाकावरच्या चिमुरडीला विचारलं, मागे कोण बसतं गं?

"कुणीच नाही, बाई. पण शिकवताना तुम्हीच मधे थांबता, तिकडे बघता आणि हसता."

मला तर काहीच आठवत नव्हतं.

खणात चौथा कागद होता. "तुम्हाला जमलं. आता शेजारच्या वर्गात गरज आहे."

राजीनामा फाडला. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडचं ओरडणं थांबलं होतं. जाऊन दारातून डोकावले. सर हातात खडू घेऊन, वाक्य अर्धवट सोडून, मागच्या बाकाकडे बघत होते. मग मान डोलावून हसले.

बाक रिकामा होता. आणि खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.