निपचितरावांचं वाक्य

"मेलात का, निपचितराव?"

"मेलो, साहेब!"

बंद कपाटातून हे उत्तर आलं, पण सेटवर कुणी हसलं नाही. बत्तीस वर्षांत, पहिला सिनेमा सोडला तर, हा सवाल-जवाब झाल्याशिवाय साहेबांच्या एकाही सिनेमाचा मुहूर्त झाला नव्हता. साहेब म्हणजे दिग्दर्शक. रहस्यपट काढावेत तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे, आणि त्यांचा सिनेमा बघून आलेली भली भली माणसं झोपण्याआधी हळूच पलंगाखाली डोकावायची. गोष्ट कुठलीही असो, पहिला शॉट प्रेताचा, आणि प्रेत म्हणून निपचितराव, हा साहेबांचा नेम. अठरा सिनेमांत त्यांनी निपचितरावांना विहिरीत टाकलं होतं, गालिच्यात गुंडाळलं होतं, एकदा तर चक्क पियानोखाली कोंबलं होतं. हा एकोणिसावा.

या वेळी दार उघडताच फळीसारखं सरळ बाहेर पडायचं होतं. कपाट अरुंद. गुडघे दाराला टेकलेले, नाकात ताज्या रंगाचा वास. रंग त्यांनी स्वतःच दिला होता, कारण निपचितराव मुळात स्टुडिओतले रंगारी. बत्तीस वर्षांपूर्वी साहेब अजून कुणीच नव्हते. भाड्याची एक खोली आणि मित्राचा मागून आणलेला कॅमेरा एवढ्यावर ते पहिला सिनेमा करत होते, आणि प्रेत म्हणून आणलेला नट रंगाच्या वासाने सात वेळा शिंकला. साहेबांनी वैतागून कोपऱ्यातल्या रंगाऱ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही आडवे व्हा बघू." रंगारी आडवा झाला तो असा की पाच मिनिटांनी घाबरून कुणीतरी त्याची नाडी बघितली. त्या दिवशी त्याला हे नाव पडलं, आणि मग खरं नाव घरच्यांनाच काय ते आठवायचं.

सेटवर शांतता पसरली. निपचितरावांचा श्वास आपोआप थांबला. साहेब हलकेच म्हणाले, "चला." दार उघडलं, निपचितराव पडले. झक्क पडले. आता कॅमेरा चेहऱ्याभोवती फिरणार, दीड मिनिट, मध्ये तोडायचं नाही.

"पोट हललं," कॅमेरामन म्हणाला.

दुसऱ्या वेळीही हललं. तिसऱ्या वेळी तर निपचितरावांना असा खोकला आला की ते उठूनच बसले. चौसष्टावं वर्ष चालू होतं. पूर्वी दीड मिनिट म्हणजे त्यांच्या हातचा मळ, आता चाळीस सेकंदांतच छातीत कळ यायची. साहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "चला, जेवायची सुट्टी." घड्याळात साडेदहा वाजले होते.

दुपारी निपचितराव साहेबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या कुणाला तरी कपाटात उभं करायचं ठरलंय, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण मनात दुसरीच गोष्ट होती आणि ती आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, एक मागायचं होतं."

"बसा हो. काय?"

"एक वाक्य."

साहेब बघतच राहिले. निपचितराव एकदा सुरू झाले ते थांबेचनात. "नात सात वर्षांची आहे साहेब माझी. शाळेत पोरं चिडवतात तिला. तुझा आजोबा मेलेलाच असतो म्हणतात. परवा मला विचारते, आजोबा, तुम्ही जिवंत कधी असणार? काय सांगू हो तिला? फार नको. एकच वाक्य. जिवंत माणसाचं."

साहेबांनी दोन कप चहा मागवला आणि ते हसत सुटले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"तुम्हाला तरी मागायला मी आहे, निपचितराव. मी कुणाकडे मागू? आठ वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट लिहिली होती. दोन म्हातारे भाऊ राहतं घर रिकामं करतात. बस्स. कुणी मरत नाही. निर्मात्याने वाचली, म्हणाला, सुंदर! पण साहेब, तळघरात काय आहे? म्हटलं, घराला तळघरच नाही. तर म्हणतो, मग खून करणार कुठे?" चहात साखर घालून ते ढवळतच राहिले. "आई गेली माझी, तेव्हा घरात माणसं जमली होती. मागून एकजण कुजबुजला, बघा हं, आता काहीतरी होणार. ऐकलं मी ते. आईजवळ बसून ऐकलं."

निपचितराव नुसतं "साहेब" म्हणाले.

"देतो तुम्हाला वाक्य," साहेब म्हणाले. "इमारतीचा पहारेकरी व्हा. नायिका बॅग घेऊन येते, विचारते, तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं? तुम्ही म्हणायचं, वर आता कुणी राहत नाही, बाई. पाठ कराल ना?"

पाठ? अहो, आठ दिवस त्या घरात दुसरं काही बोललं गेलं नाही. नात पाठीला दप्तर लावून नायिका व्हायची, जिन्यावरून चढून यायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, "तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं?" निपचितराव कधी घोगऱ्या आवाजात सांगायचे, कधी मायेने, कधी दरडावून. बायको भाजी चिरताना कपाळावर हात मारायची. "एका वाक्यासाठी घर डोक्यावर घेतलंत! अख्ख्या आळीला पाठ झालंय आता. तुम्ही आजारी पडलात तर समोरची म्हातारी जाऊन म्हणून येईल." पण आळीला सांगितलं होतं तिनेच, घरोघर जाऊन, आणि पहारेकऱ्याचा सदरा दोनदा इस्त्री केला तोही तिनेच.

शूटिंगच्या दिवशी निपचितराव इमारतीच्या दारात, म्हणजे दार म्हणून उभ्या केलेल्या लाकडी चौकटीत, ताठ उभे राहिले. तालमीत वाक्य खणखणीत आलं. कॅमेरामनने मान डोलावली. साहेब म्हणाले, "वा!"

मग दिवे लागले. सगळे गप्प झाले. निपचितरावांचा श्वास थांबला.

तो त्यांनी थांबवला नव्हता हो! बत्तीस वर्षं जी शांतता पसरली की छाती थिजायची, नजर दगड व्हायची, तीच शांतता पसरली आणि शरीराने आपलं नेहमीचं काम चोख केलं. नायिका आली, तिने विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं?" निपचितराव तिच्याकडे बघत राहिले. जीभ टाळूला चिकटलेली. वाक्य आत होतं, अक्षर न् अक्षर होतं, पण बाहेर यायला वारा नव्हता.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा तेच. साहेबांनी "चला" म्हणायचं सोडून रुमाल हलवला. तेच. अर्धी माणसं बाहेर पाठवली. तेच. "गप्प बसू नका रे, बोलत राहा सगळे," म्हणून सगळ्यांना बोलायला लावलं, तर नायिकेचाच आवाज ऐकू येईना. एकदा साहेब स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शॉट संपला की निपचितराव घामाघूम होऊन म्हणायचे, "वर आता कुणी राहत नाही, बाई," अगदी स्पष्ट, आणि सगळ्यांना रडू की हसू असं व्हायचं.

दहा वेळा झालं. अकराव्या वेळी साहेबांनी कॅमेरामनच्या कानात काहीतरी सांगितलं. नायिकेने विचारलं. निपचितराव बघत राहिले. कुणीच थांबवलं नाही. पाच सेकंद, दहा, पंधरा. नायिका दमली होती, वैतागली होती. त्या न हलणाऱ्या डोळ्यांकडे बघता बघता तिचा चेहरा पांढरा पडला. तिने बॅग उराशी धरली आणि ती मागे न बघता जिन्यावरून धावत वर गेली.

"झालं," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकले होते. सेटवरच्या सगळ्यांना ती चमक ओळखीची होती.

"पण साहेब, मी बोललो नाही."

"नाही बोललात." साहेब कागद चाळायला लागले. त्यांनी मान वर केली नाही.

घरी निपचितरावांनी "झालं" एवढंच सांगितलं. खोटंही नव्हतं ते. मागून दुसऱ्याचा आवाज भरतात, हे त्यांना माहीत होतं. साहेब तेवढं तरी करतील, ही एकच आशा धरून त्यांनी चार महिने काढले. बायकोने खोदून विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही म्हणून ते जास्तच घाबरले.

पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. निपचितरावांच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला नात. कपाटातलं प्रेत पडलं तेव्हा नातीने डोळे मिटून घेतले होते, आजोबांची पाळी आली की सांगा म्हणून बजावलं होतं. पाळी आली. निपचितरावांनी तिच्या खांद्याला हात लावला.

पडद्यावर नायिकेने विचारलं, तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं? पहारेकरी बघत राहिला. आवाज भरला नव्हता. संगीतसुद्धा नव्हतं. हजार माणसांचं थिएटर चिडीचूप झालं, कुणीतरी बाईने तोंडावर हात दाबला, आणि त्या शांततेत नात खुर्चीवर उभी राहून ओरडली,

"आजोबा, बोला ना!"

सगळं थिएटर दचकलं, मग हसलं, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. निपचितरावांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. बायकोने नातीला खाली बसवलं. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला नाही, समोरच्या खुर्चीची पाठ पाहिली.

बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांनी त्यांना गराडा घातला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या तोंडासमोर माईक धरला होता. "काय अभिनय केलात! ते पंधरा सेकंद! काय चाललं होतं हो तुमच्या मनात?"

निपचितराव खरं तेच बोलले. "बोलायचं होतं मला. जमलं नाही."

हशा पिकला. "क्या बात है!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. दोनच माणसं हसली नाहीत. एक त्यांची बायको आणि दुसरे साहेब.

गर्दी जरा पांगली तसे साहेब जवळ आले. "निपचितराव, आवाज भरता आला असता," ते हळू म्हणाले. "रेकॉर्डसुद्धा करून ठेवला होता. लावून बघितला. नाही ठेवला."

"चांगलं झालंय साहेब. लोक घाबरले."

"निर्माता खूश आहे. पुढच्या सिनेमातही तुम्ही हवेत म्हणतो. असंच. नुसतं उभं राहायचं, बघायचं."

"नको, साहेब."

बत्तीस वर्षांत साहेबांना त्यांच्याकडून हा शब्द ऐकायची सवय नव्हती. ते रागावले नाहीत. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, जवळ सरकले. "मलाही नकोय हो पुढचा," एवढंच म्हणाले, तोवर निर्मात्याने येऊन त्यांचा दंड धरला. "साहेब, फोटो! प्रेतासारखे डोळे करा जरा!" साहेबांनी डोळे केले. सगळे हसले आणि त्यांना आत घेऊन गेले.

पायऱ्या उतरून तिघं रस्त्याला लागली. नात फुरंगटली होती. "बोलला का नाहीत?" ती म्हणाली. निपचितरावांनी तिला खरं काय झालं ते सांगायला सुरुवात केली. श्वास कसा थांबतो ते सांगितलं. मग शिंकणाऱ्या नटाचं सांगितलं, विहिरीतल्या गार पाण्याचं सांगितलं, गालिच्यात गुंडाळलं तेव्हा नाकावर माशी बसली होती त्याचं सांगितलं. नात खुदखुदायला लागली. मग ते बायकोकडे वळले आणि लग्नाआधी रंगवलेल्या पहिल्या घराचं सांगू लागले, जे त्यांनी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. बायकोचं तोंड एरवी घटकाभर बंद नसायचं. आज तिने मध्ये एक शब्द घातला नाही.

आळीच्या तोंडाशी समोरची म्हातारी कट्ट्यावर बसली होती, सिनेमा कसा झाला ते विचारायला टपूनच. निपचितरावांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. बायकोने त्यांच्या दंडाला धरून हलकेच वळवलं, आणि तिघं मागच्या रस्त्याने आणखी एक फेरी मारायला निघाली.