पुंजाजीच्या डोक्यावरचं घरटं

वाशीमजवळच्या मालेगावात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा वीरेंद्र पेंटर स्वतःसाठी मात्र भलतीच चित्रं काढायचा. माणसं हुबेहूब, गावातलीच. पण आडत्याच्या पोटाला कुलूप, पुढाऱ्याच्या पायांना बैलाचे खूर. लोक शेजाऱ्याला ओळखायचे आणि हसायचे. त्या हसण्याची वीरेंद्रला चटक लागली होती.

गेल्या महिन्यात वाशीमच्या प्रदर्शनात गाजलं ते त्याचं 'रांग' नावाचं चित्र. दोन वर्षांपूर्वी एका कचेरीत त्यानं पुंजाजी नावाचा म्हातारा पाहिला होता. कागदोपत्री त्याला मेलेला दाखवलेलं, म्हणून बिचारा जिवंत असल्याचा दाखला मागायला रोज यायचा. बाकीचे आपल्या चपला रांगेत ठेवून सावलीला जाऊन बसायचे. हा एकटा उभा. वीरेंद्रनं तीन दिवस कोपऱ्यात बसून त्याला कागदावर उतरवलं. चित्रात मागेपुढे नुसत्या चपला, मधे पुंजाजी, आणि त्याच्या डोक्यावर दुपट्ट्याऐवजी चिमणीचं घरटं, आत तीन अंडी. इतका वेळ उभा, की चिमणीला झाडच वाटला! पाहणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली.

आज सकाळी शिरपूरच्या बसनं पुंजाजीची बायको सोजरबाई दुकानात आली. हातातल्या पिशवीत झेंडूचा हार होता.

"उद्या बुढ्याचं वर्षश्राद्ध हाये, बापू. घरी फोटो नाई. नातीनं मोबाइलवर तुमचं चित्र दाखवलं. तोंड त्याइचंच हाये. तेवढं डोक्यावरचं काढून द्या, हार घालाचा हाये."

वीरेंद्रचा चेहरा खाडकन उतरला. या माणसाचं जगात एकच चित्र, आणि तेही आपण लोकांना हसवायला काढलं!

"मावशी, दाखला भेटला होता का?"

"भेटला ना. तेरवीच्या दिवशी टपालानं आला."

वीरेंद्रनं भिंतीवरचं चित्र उतरवून रंग खरवडायची सुरी घेतली. सोजरबाई जवळ आली, घरट्याकडे पाहत राहिली.

"आमच्या घरी मीटरवर चिमणी घर करे. पिल्लं उडेपर्यंत बुढे पंखा लावू देत नोते. आमी घामानं भिजून जावो. हे तुमाले कोनं सांगतलं?"

कुणीतरी सांगितलं म्हटलं असतं तर सुटला असता. पण आता त्याला स्वतःची फार लाज वाटत होती.

"कोनंच नाई, मावशी. लोकं हसावे म्हून काढलं म्या."

ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हसले त हसले. घरटं राहू द्या. पन अंडी काहून ठेवली अजून? पिल्लं उडून गेली असं करा. म्हंजे बुढे मोकळे झाले."

वीरेंद्र कामाला बसला. अंड्यांच्या जागी फुटकी टरफलं आली. एक पिल्लू चौकटीशी पोचलं, दुसरं त्याच्या मागे. दुपार तापली होती. सोजरबाईच्या कपाळावरून घाम ओघळताना पाहून तो पंख्याचं बटण दाबायला उठला.

"थांबा," ती म्हणाली. "एक राह्यलं ना अजून."

तो परत बसला. तिसरं पिल्लूही त्यानं आभाळात काढलं. तिनं ते नीट पाहिलं आणि पिशवीतून हार काढला.

"आता लावा पंखा."