फुल बाह्यांचा शर्ट

माझ्या रिक्षात भांडण चालत नाही. हे मी पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाकतो, आणि आवाज असा लावतो की पाइपलाइन रोडवरची कुत्रीसुद्धा बाजूला होतात. दप्तर हुकाला, बाटली मांडीत, हात आत. सीटला च्युइंगम चिकटवलं तर जागेवर उतरवीन. पुढं माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही, कितीही रडलात तरी. तिसगाव सोडून नगरला येऊन वीस वर्षं झाली, त्यातली बारा शाळेच्या पोरांची ने-आण करण्यात गेली. "कल्याणकाका तापट आहेत, पण माणूस सरळ आहे," असं सावेडीतले आईबाप एकमेकांना सांगतात. सरळ म्हणे! आता ते ऐकलं की तोंड कुठं लपवू असं होतं मला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. मला कोड आहे.

दोन वर्षांपूर्वी डाव्या मनगटावर शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका उठला. बघता बघता कोपरापर्यंत गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काका, हे कुणाला लागत नाही. एका ताटात जेवलात तरी काही होत नाही." मी घरी येऊन बायकोला सांगितलं. चांगुणा म्हणाली, "लागत न्हाई ते खरं वो, पन लोकांच्या जिभंला कोन औषीद देनार? पोरीचं लग्न जमू द्या आधी. तवर झाकून ऱ्हावा." झालं. तेव्हापासून फुल बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं, वर रुंद पट्ट्याचं घड्याळ. मे महिन्यात अंगाची काहिली होते तरी तेच. स्टँडवरचा वाल्मिक म्हणतो, "काय साहेब, आज कलेक्टर कचेरीत का?" मी म्हणतो ऊन बाधतं मला.

माझ्या रिक्षात सात पोरं. त्यातली प्रज्ञा पाचवीतली. तिची आई माधुरी एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते, सकाळी पोरीला रिक्षात बसवते आणि तशीच पळते. पोरगी लई चौकस. काका, रिक्षाला रिव्हर्स गिअर असतो का? काका, पेट्रोल संपलं की गॅस आपोआप लागतो का? मी खेकसायचो, पण खरं सांगू, मला आवडायचं. माझ्या पोरीनं कधी विचारलं नव्हतं असलं काही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पहिल्या दिवशी आली आणि मी आरशात बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात पांढरं. महिन्याभरात एका पापणीवर, मग बोटांवर. आख्ख्या नगरात तिच्या आईच्या आधी ओळखणारा माणूस मी असेन.

मग पोरांनी खेळ काढला. 'डाग पास' म्हणे. रिक्षा खड्ड्यात आदळली की प्रज्ञाचा कोपर शेजारच्याला लागायचा. तो ओरडायचा, "डाग!" आणि हात दुसऱ्याच्या अंगाला पुसायचा, "पास!" दुसरा तिसऱ्याला. शाळेच्या फाटकाशी ज्याच्याकडं डाग राहील तो हरला. प्रज्ञा अंग चोरून बसायला लागली, दोन्ही हात मांड्यांखाली घालून.

आणि मी? च्युइंगमवरून आरडाओरडा करणारा मी? मी रस्ता बघत होतो. वाटायचं, मी 'लागत नाही' म्हणालो तर पोरं विचारतील, तुम्हाला कसं माहीत?

एका सकाळी बंगल्यातल्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांची दोन पोरं माझ्याकडं, आणि त्यांच्या शब्दावर त्यांच्याच गल्लीतलं आणखी एक.

"काका, त्या मुलीबद्दल आम्हाला काही नाही हं. बिचारी. पण आमच्या मुलांना नको ना काही. तिला जरा वेगळं बसवा. नाहीतर आम्हाला दुसरी रिक्षा बघावी लागेल."

त्या 'बिचारी'वर मला असा राग आला होता की काय सांगू. वाटलं, बाही वर करावी आणि म्हणावं, वहिनी, काल तुम्ही माझ्या हातात चहाचा कप दिलात, झालं का काही? तोंडातून निघालं ते एवढंच.

"बरं वहिनी."

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला म्हणालो, "इकडं ये. आजपासून तू पुढं बसायचं. माझ्या डाव्या बाजूला."

"पण पुढं कुणीच बसायचं नाही म्हणता ना तुम्ही?"

"तुला चालतं. तुला गिअर शिकायचेत ना?"

तिचा चेहरा असा खुलला! दोन दिवस पोरगी हवेत होती. क्लच दाबला की पहिला, मग दुसरा, पाठ करत होती. मी मनाशी म्हणालो, बघ कल्याण, साप पण मेला आणि काठी पण तुटली नाही. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला माणसाला वेळ लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मागून एक पोरगा ओरडला, "काका, तिला चिकटू नका, तुम्हाला डाग लागेल!"

मागं सगळी खिदळली. मला गप्प बसता आलं असतं, निदान तेवढं तरी. पण माझी फाजील जीभ!

"मला? अरे माझं कातडं गेंड्याचं आहे. डागच घाबरून पळून जाईल!"

रिक्षात हसण्याचा नुसता कल्लोळ. प्रज्ञाही हसली, जरा उशिरा. गिअर टाकताना माझी बाही वर सरकली होती, घड्याळ खाली घसरलं होतं. ती तिकडं बघत होती. मला वाटलं, गिअर बघते आहे. त्या दिवसापासून तिनं गिअरचं काही विचारलं नाही.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी माधुरी घराबाहेर माझी वाट बघत उभी होती. अंगावर अजून कंपनीचा कोट. प्रज्ञा उतरून आत गेली, तसं तिनं रिक्षाची दांडी धरली.

"काका, खरं सांगा. गाडीत हिला कुणी काही बोलतं का? मोरीत बसून ओठ घासते साबणानं. सालं निघालीत हो. विचारलं तर गप्प. शाळेतल्या बाई चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, वर्गात मी लक्ष ठेवते, पण रिक्षातलं मला दिसत नाही. कुणी डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं तर बाई सगळ्यांच्या आईबापांना बोलावणार, डॉक्टरांना आणून समजावणार. तुम्हीच सांगू शकता काका. नाहीतर मी हिला बेलापूरला बहिणीकडं ठेवते, तिथल्या शाळेत घालते. माझं काळीज तुटतं, पण काय करू?"

पोरीचं आईजवळ राहणं का आईवेगळं होणं, सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. मला ते कळत होतं, कळत नव्हतं असं म्हणणार नाही. पण डोळ्यांसमोर त्या सभेत उभा असलेला मीच दिसत होतो. डॉक्टर कोडाबद्दल बोलतायत आणि सगळे माझ्या बाहीकडं बघतायत. माझ्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते त्याच रविवारी.

"न्हाई बा," मी म्हणालो. "माझ्या रिक्षात? माझ्या रिक्षात भांडण चालत नाही."

माधुरीनं रिक्षाची दांडी सोडली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच. तिचंच मन हळवं झालं असेल." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार प्रज्ञाचा शेवटचा दिवस. बाकीची पोरं उतरली, ती एकटी पुढं. तिच्या दारात रिक्षा थांबवली आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "बेलापूरला मावशी आहे, मजा आहे बुवा तुझी."

ती उतरली नाही. म्हणाली, "काका, बाईंनी मला विचारलं होतं, तुला पुढं कुणी बसवलं? मी सांगितलं, मीच बसते, मला वारा आवडतो."

"का गं? माझं नाव का नाही सांगितलंस?"

"मग त्यांनी तुम्हाला बोलावलं असतं. सगळ्यांनी नीट बघितलं असतं." तिनं माझ्या मनगटाकडं बोट दाखवलं, अगदी लहान करून, कुणाला दिसू नये असं. "मी कुणालाच नाही सांगितलं. आईला पण नाही. नाहीतर तुम्हाला पण वेगळं बसवतील."

अहो, मी पन्नाशीचा माणूस. त्या क्षणी तिच्या पायावर डोकं ठेवायला पाहिजे होतं. आणि मी काय केलं? उजव्या हातानं बाही खाली ओढली. हात आपोआप गेला. ती लगेच दुसरीकडं बघायला लागली, मला ओशाळं वाटू नये म्हणून. दप्तर उचललं आणि "येते काका" म्हणून आत गेली.

शनिवारी शाळेला सुट्टी. रविवारी सकाळी मी माधुरीकडं गेलो, आणि बाही दुमडून सगळं सांगितलं. डाग पास, वहिनी, गेंड्याचं कातडं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. "कालच सोडून आले तिला," म्हणाली. "दाखला काढलाय. चार दिवस आधी आला असता तर?" मग दार लावून घेतलं. आपटलं नाही, नीट लावलं.

दुपारी पाहुण्यांसमोरही मी बाही दुमडूनच बसलो. चांगुणानं आतून डोळे वटारले. पाहुणे पोहे खाऊन गेले, अजून कळवलेलं नाही. माझी पोरगी मात्र म्हणाली, "बरं केलंत पप्पा." मला ते बरं वाटलं नाही. बरं करायचं होतं तेव्हा केलं नव्हतं.

सोमवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, घड्याळ घरी ठेवलं. वहिनींनी हात बघितला, मान वळवली आणि मंगळवारपासून त्या गल्लीतली तीन पोरं दुसऱ्या रिक्षात गेली. ज्यासाठी एवढं केलं तेही गेलं. आता तीन पोरं उरलीत, मागं ऐसपैस बसतात. पुढची जागा रिकामी.

त्यांत दुसरीतली एक चिमुरडी आहे. परवा भिस्तबाग चौकात थांबलो होतो, तर ती पुढं वाकून माझ्या हाताकडं बघत बसली.

"काका, हे लागतं का?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच. डॉक्टरांनी सांगितलंय. दोन वर्षांपूर्वीच."

एवढंच बोलायचं होतं. एका श्वासाचं काम होतं, आणि मी दिवाळीपासून ते बोललो नव्हतो. पोरगी आणखी पुढं वाकली.

"मग प्रज्ञाताईला पुढं का बसवलं होतं?"

मागचे हॉर्न वाजवायला लागले. ज्या आवाजाला रस्त्यावरची कुत्री बाजूला होतात, तो आवाज मला सापडेना.

"मी भित्रा आहे म्हणून," मी म्हणालो. इतकं हळू म्हणालो की तिला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.